प्रबंधलेखनातील शीर्षक-स्तर व क्रमांकन : टंकलेखनयंत्र ते लाटेक

प्रस्तावना

पीएच.डी.च्या प्रबंधातील अनुक्रमणिका हे परीक्षकाने सर्वप्रथम वाचलेले आणि संशोधकाने बहुधा सर्वांत शेवटी तयार केलेले पान असते. त्या दोन-तीन पानांवरून जाणकार परीक्षकाला पुष्कळ काही कळते. कोणता मुद्दा कोणाच्या पोटात आहे, कोणता कोणाच्या बरोबरीचा आहे, कोणत्या प्रकरणाचे वजन अवाजवी वाढले आहे आणि कोणते नावापुरते उरले आहे, हे शीर्षकांच्या उतरंडीवरूनच लक्षात येते. असे असूनही शीर्षकांचे स्तर व त्यांचे क्रमांकन यांकडे संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत केवळ सादरीकरणाची बाब म्हणून पाहिले जाते. टंकलेखकाने करावयाचे काम, एवढीच त्याची संभावना होते.

वस्तुतः येथे दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे शीर्षकाचा दर्जा, अर्थात स्तर. आणि दुसरी म्हणजे त्याचा पत्ता, अर्थात क्रमांक. दर्जा मुद्द्याचे स्थान सांगतो, तर पत्ता त्या मुद्द्याकडे परत येण्याची वाट दाखवतो. ऐतिहासिकदृष्ट्या या दोहोंचा विकास स्वतंत्रपणे झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकीय अक्षरजुळणीने त्यांना एकत्र बांधले आणि विज्ञान व गणित या शाखांमध्ये प्रबंधलेखनासाठी प्रमाणभूत ठरलेल्या लाटेक या प्रणालीत ही बांधणी सर्वांत स्पष्टपणे पाहावयास मिळते. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे शीर्षके व क्रमांक बदलून घेताना लाटेक वापरणारा संशोधक ज्या अडचणींना सामोरा जातो, त्यांचे मूळ या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

टंकलेखनयंत्राचे पाच स्तर

केट टुराबियन यांचे नाव इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्यांना परिचित आहे. शिकागो विद्यापीठात १९३० पासून १९५८ पर्यंत त्या प्रबंध-सचिव होत्या. विद्यापीठात दाखल होणारा प्रत्येक प्रबंध त्यांच्या नजरेखालून जात असे. विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी त्यांनी १९३७ मध्ये एक पुस्तिका तयार केली. पुढे शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ती विस्तारित स्वरूपात प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील असंख्य विद्यापीठांत ती नियमावलीसारखी वापरली गेली.

टुराबियन यांच्यासमोरची अडचण व्यावहारिक होती. टंकलेखनयंत्रावर अक्षराचा आकार एकच. जाड ठसा नाही, तिरपा ठसा नाही. अशा स्थितीत मुख्य शीर्षक, उपशीर्षक व त्याच्याही खालचे शीर्षक यांतील भेद दाखवायचा कसा? त्यासाठी दोनच साधने उपलब्ध होती : ओळीतील जागा आणि अधोरेखा. त्यांतून पाच स्तर सिद्ध झाले. मध्यभागी व अधोरेखित. मध्यभागी पण अधोरेखेविना. डाव्या कडेला व अधोरेखित. डाव्या कडेला अधोरेखेविना. आणि पाचवा स्तर परिच्छेदाच्या आरंभीच, मजकुराला लागून, अधोरेखित. पाचही स्तर वापरलेच पाहिजेत असा आग्रह नव्हता. कमी लागले तर उतरता क्रम राखून त्यांतून निवड करण्याची मुभा होती.

या योजनेत क्रमांकाची आवश्यकता नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दर्जा जागेवरून कळतो. मानव्यविद्येतील प्रबंध दीर्घकाळ याच पद्धतीने लिहिले गेले व आजही लिहिले जातात. इतिहासाच्या किंवा साहित्याच्या अभ्यासकाला वाचकास '४.३.२ पाहा' असे सांगण्याची गरज क्वचितच पडते. तो पृष्ठक्रमांक देतो. गणिती, अभियंता व तर्कशास्त्रज्ञ यांना मात्र पत्त्याची गरज पदोपदी भासते, कारण त्यांचे पुढचे विधान मागच्या विधानावर उभे असते.

बिंदूचे दोन अर्थ

या गरजेतून जी क्रमांकनपद्धती रूढ झाली तिला बोलीत सर्रास 'दशांश पद्धती' म्हटले जाते. हे नाव फसवे आहे. क्रमांकातील बिंदूला इतिहासात दोन अगदी वेगळे अर्थ लाभले आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे बराच गोंधळ झाला आहे.

पहिला अर्थ खऱ्याखुऱ्या दशांशचिन्हाचा. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ग्रंथवर्गीकरणाची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती या अर्थावर आधारलेली आहे. दशांश अपूर्णांकाचा मोठा गुण असा की कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये नवी संख्या बसविता येते. त्यामुळे ज्ञानाची नवी शाखा उदयास आली तरी जुन्या पुस्तकांचे क्रमांक बदलावे लागत नाहीत. व्हाइटहेड व रसेल यांच्या 'प्रिन्सिपिआ मॅथेमॅटिका' या १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही विधानांना दशांश क्रमांक आहेत.

या पद्धतीचे टोक लुडविग विट्गेन्श्टाइन यांच्या 'ट्रॅक्टाटस' या १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गाठले गेले. तेथे प्रकरणे नाहीत, शीर्षके नाहीत. केवळ क्रमांकित विधाने आहेत. मुख्य विधाने सात. उर्वरित प्रत्येक विधान दशांश क्रमांकाने कोणत्या ना कोणत्या विधानावरील भाष्य म्हणून जोडलेले आहे, आणि क्रमांक विधानाचे तार्किक वजन दाखवितो असे ग्रंथकाराने आरंभीच तळटीपेत नमूद केले आहे. २.०१ किंवा २.०१२१ असे मधे शून्य असलेले क्रमांक तेथे येतात, आणि असे शून्य दशांशातच शोभते. प्रबंधाच्या इतिहासात या ग्रंथाला विशेष स्थान आहे, कारण १९२९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने पीएच.डी.चा प्रबंध म्हणून तोच स्वीकारला. रसेल व मूर हे परीक्षक होते. शीर्षकाविना केवळ क्रमांकावर तोललेला प्रबंध विद्यापीठाने मान्य केल्याचे याहून ठळक उदाहरण सांगता येणार नाही. आज एखाद्या संशोधकाने तसा प्रबंध दाखल केला तर तो बहुधा स्वरूपाच्या छाननीतच अडकेल!

बिंदूचा दुसरा अर्थ केवळ विभाजकाचा. '१.१०' हा विभाग '१.९' नंतर येतो, '१.१' शी त्याचे काही नाते नाही. येथे बिंदू दोन स्वतंत्र पूर्णांकांना वेगळे करतो. पहिला प्रकरणाचा, दुसरा विभागाचा. डोनाल्ड कनूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेच्या १९६८ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात १.२.११.३ असा चार अंगांचा क्रमांक आढळतो, तो या प्रकारचा. पुढे १९७८ मध्ये आयएसओ २१४५ या आंतरराष्ट्रीय मानकाने लेखी दस्तऐवजांच्या विभागांसाठी हीच रीत सांगितली : अंक वापरावेत, स्तरांच्या मध्ये बिंदू द्यावा, मात्र शेवटच्या अंकानंतर बिंदू देऊ नये.

विभाजक पद्धतीत दशांशाचा मुख्य गुण हरवतो. १.२ आणि १.३ यांच्या मध्ये नवा विभाग घालायचा झाला तर पुढचे सर्व क्रमांक एकेकाने सरकतात. त्यांच्याबरोबर अनुक्रमणिका बदलते, आणि 'विभाग १.४ मध्ये दाखविल्याप्रमाणे' असे जेथे जेथे लिहिले असेल तेथे तेथे दुरुस्ती करावी लागते. टंकलिखित प्रबंधाच्या काळात मार्गदर्शकाने शेवटच्या टप्प्यावर एक विभाग वाढविण्यास सांगणे म्हणजे काय संकट असे, हे त्या पिढीतील प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. यंत्राने क्रमांक द्यावेत ही कल्पना याच त्रासाची निष्पत्ती होय.

टेक : शीर्षक न जाणणारी प्रणाली

कनूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्या हाती आली, तेव्हा प्रकाश-अक्षरजुळणीचा निकृष्ट दर्जा पाहून ते अस्वस्थ झाले. स्वतःच्या पुस्तकासाठी अक्षरजुळणीची संगणकीय प्रणाली स्वतःच लिहिण्याचा त्यांचा निश्चय सर्वश्रुत आहे. ती प्रणाली म्हणजे टेक. गणिती सूत्रे, ओळींची तोड, शब्दांमधील अंतर यांत टेकने गाठलेली उंची अद्यापि वाखाणली जाते.

मात्र टेकला शीर्षक ही संकल्पनाच ठाऊक नाही. तिला ठाऊक आहेत चौकटी, त्यांच्यामधील ताणली जाणारी मोकळी जागा आणि ओळी तोडण्याची किंमत. मूळ प्रणालीबरोबर येणाऱ्या 'प्लेन टेक' या आज्ञासंग्रहात शीर्षकासाठी 'बिगिनसेक्शन' ही एकच आज्ञा आहे. ती थोडी मोकळी जागा सोडते आणि शीर्षक जाड अक्षरांत छापते. क्रमांक हवा असेल तर लेखकाने तो हाताने लिहावा. स्वतः चार अंगांचे क्रमांक वापरणाऱ्या ग्रंथकाराने हे काम यंत्रावर का सोपविले नाही, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर टेकच्या रचनेत आहे. ही प्रणाली म्हणजे कुशल कारागिराच्या हातचे हत्यार होय. पुस्तकाची रचना कशी असावी याविषयी ती मत देत नाही.

नावाने स्तर, यंत्राने क्रमांक

ते मत अन्यत्र आकाराला येत होते. बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीवर ट्रॉफ हा अक्षरजुळणीचा कार्यक्रम होता. त्याच्यासाठी माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकात 'एमएस' हा आज्ञासंग्रह तयार केला. त्यात क्रमांकित शीर्षकाची वेगळी आज्ञा होती. तिच्यापुढे १, २, ३ असा स्तर लिहिला की क्रमांक आपोआप पडे. क्रमांक नको असेल तर दुसरी आज्ञा. म्हणजे स्तर अंकाने सांगावयाचा. पुढे वेबपानांच्या एचटीएमएल भाषेत शीर्षकांना एक ते सहा असे अंकच मिळाले.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रायन रीड यांनी वेगळी वाट धरली. त्यांची 'स्क्राइब' ही प्रणाली १९८० मधील त्यांच्या पीएच.डी. प्रबंधाचा विषय होती. लेखकाने 'हे प्रकरण', 'हा विभाग', 'हा उपविभाग' एवढेच सांगावे. अक्षर किती मोठे, जागा किती, क्रमांक कोणत्या प्रकारचा हे एका स्वतंत्र नमुन्यात ठरलेले असावे, अशी तिची मूळ भूमिका. स्तर आता अंकाने नव्हे तर नावाने सांगितला जाऊ लागला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी टेकवर आधारित आज्ञासंग्रह स्वतःच्या लेखनासाठी रचला तेव्हा त्यांच्यासमोर स्क्राइबचा आदर्श होता. तोच लाटेक. त्याची २.०९ ही दीर्घकाळ वापरात राहिलेली आवृत्ती १९८५ ची. लॅम्पोर्ट यांचे पुस्तक १९८६ मध्ये ॲडिसन-वेस्ली या संस्थेने प्रसिद्ध केले. पुढे फ्रँक मिटेलबाख व त्यांच्या सहकाऱ्यांकडे या प्रणालीची जबाबदारी गेली आणि १९९४ मध्ये सध्याची 'लाटेक टू-ई' ही आवृत्ती आली.

लॅम्पोर्ट यांच्या पुस्तकात एक आग्रह वारंवार जाणवतो. लेखकाने मजकुराच्या तार्किक रचनेचा विचार करावा. दृश्य रचना हा मुद्रणकला जाणणाऱ्याचा विषय आहे. या आग्रहाची खूण प्रणालीच्या अंगावरही आहे. शीर्षकाचे रूप ठरविणारी 'स्टार्टसेक्शन' ही अंतर्गत आज्ञा अशा नावाने साठविलेली आहे की सामान्य लेखकाच्या मजकुरातून तिला सहज हाक मारता येऊ नये. तिच्या नावाआधी 'ॲट' हे चिन्ह आहे आणि ते चिन्ह प्रथम अक्षर म्हणून मान्य करवून घेतल्याखेरीज दार उघडत नाही. कुलूप साधेच आहे. परंतु ते जाणीवपूर्वक लावले गेले आहे, यात शंका नाही.

तीन अंगांची मर्यादा

लाटेकमध्ये सात स्तर आहेत : पार्ट, चॅप्टर, सेक्शन, सबसेक्शन, सबसबसेक्शन, पॅराग्राफ आणि सबपॅराग्राफ. प्रत्येकाला आतून एक अंक नेमून दिलेला आहे. चॅप्टर शून्य, सेक्शन एक, सबसेक्शन दोन, याप्रमाणे सबपॅराग्राफ पाच. पुस्तक व अहवाल या प्रकारांत पार्टचा अंक उणे एक असतो. शेवटच्या दोहोंची नावे दिशाभूल करणारी आहेत. पॅराग्राफ म्हणजे परिच्छेद नव्हे, तर परिच्छेदाच्या आरंभी मजकुराला लागून येणारे शीर्षक. टुराबियन यांच्या पाचव्या स्तराशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

क्रमांक किती खोलवर द्यावयाचा हे 'सेकनमडेप्थ' या गणकावरून ठरते, आणि अनुक्रमणिकेत किती खोलवरची शीर्षके घ्यावयाची हे 'टॉकडेप्थ' या दुसऱ्या गणकावरून. दोन गणक वेगळे ठेवणे हा लाटेकच्या रचनेतील मार्मिक निर्णय होय. क्रमांक असलेले शीर्षक अनुक्रमणिकेबाहेर ठेवता येते, तसेच क्रमांक नसलेले आतही घेता येते.

या गणकांची मूळ मूल्ये पाहिली असता एक गोष्ट नजरेत भरते. लेखाच्या प्रकारात, म्हणजे जेथे प्रकरणे नसतात तेथे, मूल्य तीन आहे. पुस्तक व अहवाल या प्रकारांत दोन. वरकरणी ही विसंगती वाटते. परंतु लेखात क्रमांक सेक्शनपासून सुरू होतो आणि पुस्तकात चॅप्टरपासून. त्यामुळे दोन्हीकडे क्रमांकाची अंगे जास्तीत जास्त तीनच होतात : १.२.३. त्यापुढे शीर्षक आहे, पण क्रमांक नाही. कनूथ यांचा चार अंगांचा क्रमांक येथे मुळातच वर्ज्य ठरला आहे. ही मर्यादा हवी तर एका ओळीत वाढविता येते, आणि बहुसंख्य संशोधक ती वाढवितातही. तथापि '४.३.२.१.५' असा पत्ता वाचकाच्या स्मरणात राहत नाही. ज्या प्रबंधाला अशा पत्त्याची गरज भासते, त्यातील एखादे प्रकरण खरे तर दोन प्रकरणांचा ऐवज असतो. परीक्षकांच्या अहवालात 'मांडणी विस्कळीत आहे' असा जो शेरा येतो, त्याचे कारण पुष्कळदा भाषेत नव्हे तर येथे सापडते.

मर्यादा न वाढविता चौथ्या स्तरावर खुणेची आज्ञा दिली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. लाटेकमध्ये लेखक शीर्षकाला एक खूण देतो आणि अन्यत्र त्या खुणेचा उल्लेख करतो. क्रमांक यंत्र भरते. शीर्षकाला क्रमांकच नसेल तर खूण शेवटच्या पडलेल्या क्रमांकाला चिकटते. म्हणजे ३.२.१ च्या पोटातील बिनक्रमांकी मुद्द्याचा उल्लेख ३.२.१ असा छापला जातो. यंत्र कोणतीही सूचना देत नाही. चूक छपाईनंतर, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाच्या लक्षात येते.

विद्यापीठांचे नियम

लॅम्पोर्ट यांच्या आग्रहाला पहिला धक्का विद्यापीठांच्या प्रबंध-कार्यालयांनी दिला. त्यांचे नियम टंकलेखनयंत्राच्या काळात घडलेले होते : दुहेरी अंतर, प्रकरणाचे नाव मध्यभागी व मोठ्या लिपीत, ठरावीक समास. लाटेकचे तयार नमुने त्यांत बसत नव्हते. त्यामुळे एमआयटी, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया विद्यापीठ अशा संस्थांसाठी प्रबंधाचे स्वतंत्र नमुने तयार झाले आणि एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे दिले गेले. ज्यांच्या विद्यापीठाचा नमुना नव्हता त्यांना कुलूप उघडावे लागले.

यांतील एक अडचण नमुनेदार आहे. प्रकरणाला रोमन आकडा व विभागाला साधे अंक हवेत, असा नियम अनेक ठिकाणी असतो. संशोधक प्रकरणाच्या क्रमांकाचे छापील रूप बदलून रोमन करतो. लगेच सर्व विभागांचे क्रमांकही बदलतात आणि चौथ्या प्रकरणातील दुसऱ्या विभागापुढे रोमन चार, बिंदू व दोन असे विचित्र मिश्रण उमटते. कारण असे की विभागाचे छापील रूप प्रकरणाच्या छापील रूपापासून रचलेले आहे, उपविभागाचे विभागापासून, आणि असेच खाली. साखळीचा वरचा दुवा बदलला की खालचे सर्व बदलतात. उपायही त्याच ज्ञानातून निघतो : विभागाचे रूप नव्याने सांगताना प्रकरणाच्या छापील रूपाऐवजी त्याच्या मूळ गणकाचे अंकी मूल्य घ्यावे. गणक आणि त्याचे छापील रूप या दोन वस्तू आहेत, हे ज्याला उमगले त्याला लाटेकमधील क्रमांकनाचे बहुतेक प्रश्न सुटल्यासारखे आहेत. विट्गेन्श्टाइनचे शून्य असलेले क्रमांकही या मार्गाने छापता येतील.

दुसरी नित्याची अडचण ऋणनिर्देश, प्रास्ताविक, संक्षेपसूची अशा बिनक्रमांकी प्रकरणांची. आज्ञेला तारांकन केले की क्रमांक जातो. परंतु त्याबरोबर अनुक्रमणिकेतील नोंदही जाते आणि पानाच्या माथ्यावर मागील प्रकरणाचेच नाव राहून जाते. पुस्तकाच्या प्रकारात यासाठी पूर्वभाग, मुख्यभाग व उत्तरभाग अशी सोय आहे. पूर्वभागातील प्रकरणाला क्रमांक मिळत नाही, पण अनुक्रमणिकेत स्थान मिळते. प्रबंधासाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या अहवालाच्या प्रकारात मात्र ही सोय नाही, आणि नोंद हाताने घालावी लागते.

कुलूप उघडण्याचे हे काम सोपे करण्यासाठी कालांतराने पॅकेजे निर्माण झाली. हावियेर बेझोस यांचे 'टायटलसेक' त्यांतील सर्वाधिक प्रचलित. पीटर विल्सन यांचा 'मेम्वार' हा क्लास २००१ चा. जर्मनीत मार्कुस कोम यांनी १९९४ पासून विकसित केलेला 'कोमा-स्क्रिप्ट' संच जर्मन मुद्रणसंकेत पाळतो. त्यात क्रमांकात रोमन आकडा वा अक्षर आले तर शेवटी बिंदू येतो, सर्व अंकच असतील तर येत नाही. एवढ्याशा बिंदूसाठी भाषेचा कोश प्रमाण मानला गेला, ही बाब मराठी अभ्यासकांनी दखल घ्यावी अशी आहे. कोणता गणक कोणत्या गणकाबरोबर पुन्हा शून्य व्हावा, हे सांगण्याची सोय तर २०१८ मध्ये लाटेकच्या गाभ्यातच आली. सूत्रांना प्रकरणवार क्रमांक द्यावयाचे की सबंध प्रबंधात सलग, यासाठी ती उपयोगी पडते.

मराठी प्रबंधाचे वेगळे प्रश्न

देवनागरी लिपी टेकमध्ये आणण्याचे श्रेय ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांच्याकडे जाते. त्यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या व्यवस्थेत मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे व एक पूर्वप्रक्रियक त्याचे देवनागरी अक्षरसंकेतांत रूपांतर करी. क्रमांक मात्र पूर्वप्रक्रिया संपल्यावर टेकमध्ये जन्माला येत. त्यामुळे मजकूर देवनागरीत आणि प्रकरणाचा आकडा इंग्रजी, असा प्रकार घडे. तो टाळण्यास वेगळी आज्ञा लागे. जोनाथन क्यू यांच्या २००४ मधील 'झीटेक' या प्रणालीने युनिकोड मजकूर थेट वाचण्यास आरंभ केला आणि लिपीचा प्रश्न बव्हंशी मिटला.

भाषेचा प्रश्न शिल्लक राहिला. मराठी प्रबंधात प्रकरणाचा निर्देश 'प्रकरण १' असा क्वचित, 'प्रकरण पहिले' असा अधिक होतो. विभाग मात्र १.१, १.२ असेच असतात. म्हणजे रोमन आकड्याचीच अडचण येथे शब्दरूपाने येते. त्यात भर अशी की मराठीत क्रमवाचक शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे चालतो : प्रकरण पहिले, विभाग पहिला, सूची पहिली. लाटेकच्या गणकाला संख्या कळते, लिंग कळत नाही. प्रत्येक स्तरासाठी शब्दांची स्वतंत्र मालिका लिहून देण्यावाचून गत्यंतर नाही.

परिशिष्टांच्या बाबतीत तर संकेतच दुहेरी आहे. लाटेकमध्ये परिशिष्टे सुरू झाली की प्रकरणाचा गणक शून्यावर येतो व पुढील प्रकरणांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे मिळतात. महाराष्ट्रात त्यांचे प्रतिरूप म्हणून अ, ब, क, ड ही मालिका प्रश्नपत्रिकांपासून शासकीय परिपत्रकांपर्यंत रुळलेली आहे. ती मराठी वर्णमालेचा क्रम पाळत नाही. इंग्रजी अक्षरांच्या मागोमाग चालते. त्यामुळे चार-पाच अक्षरांपुढे ती कशी न्यावी याविषयी एकवाक्यता नाही. वर्णक्रम पाळणारी क, ख, ग, घ ही मालिकाही काही ग्रंथांत दिसते. दोहोंपैकी कोणती योग्य, हे ठरविण्याचा अधिकार संगणकाला नाही. विद्यापीठांनी तो एकदा वापरून निर्णय नियमावलीत नोंदविला, तर मराठी माध्यमातील संशोधकांचा बराच खटाटोप वाचेल.

दिसणारे शीर्षक, कळणारे शीर्षक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांद्वारे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची तरतूद केली आणि भारतातील प्रबंध कपाटातून संगणकाच्या पडद्यावर आले. पडद्यावरील प्रबंधात शीर्षकाचा स्तर आणखी एक काम करतो. दृष्टिहीन वाचक पटलवाचक या साधनाच्या साह्याने वाचतो, तेव्हा तो पाने चाळत नाही. शीर्षकावरून शीर्षकावर जातो. त्यासाठी पीडीएफ धारिकेत 'हे पहिल्या स्तराचे शीर्षक', 'हे दुसऱ्या' अशा अदृश्य खुणा असाव्या लागतात. अशा सुगम्य पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले. लाटेकची स्तररचना पहिल्यापासून नावाने सांगितलेली असूनही त्या खुणा पीडीएफमध्ये उतरत नव्हत्या. छपाईच्या वेळी जाड अक्षरे व मोकळी जागा एवढेच उरे. लाटेकच्या विकसकांनी २०२० मध्ये या कामाची बहुवार्षिक योजना जाहीर केली आणि शीर्षकाच्या आज्ञांची अंतर्गत रचना त्यासाठी पुन्हा तपासली जाऊ लागली.

स्टार्टसेक्शनला वळसा घालून शीर्षके घडविणाऱ्या जुन्या नमुन्यांची खरी कसोटी येथे लागते. नियमात बसावे म्हणून ज्या संशोधकाने विभागाची आज्ञा टाळली, ओळ मध्यभागी आणली, अक्षर जाड केले आणि क्रमांक हाताने टंकित केला, त्याचे पान छापील प्रतीत निर्दोष दिसते. पटलवाचकाला मात्र तेथे शीर्षक नसतेच. एक साधी ओळ असते. तीच आज्ञा राखून तिचे केवळ रूप बदलणाऱ्याचा प्रबंध त्याच नियमात बसतो, तसाच दिसतो, आणि 'प्रकरण तिसरे, विभाग दुसरा' असे विचारणाऱ्या वाचकाला नेमक्या जागी नेऊन पोहोचवितो.